हवाला कुठे आहे?

उर्दूत ‘हवाला’ म्हणजे संदर्भ, आधार. मराठी वर्तमानपत्रांनी या शब्दाचे फार हाल केले आहेत. आता हवाला म्हटलं की लोकांना नोटांच्या बॅगा आणि पोलिसांचे छापे आठवतात. उर्दूच्या तासाला मी एखाद्या मुलाला ‘हवाला दो’ म्हणतो, तेव्हा नवीन आलेली मुलं एकमेकांकडे बघून हसतात. मराठीच्या तासाला तोच प्रश्न ‘आधार काय?’ असा विचारतो. भाषा दोन, शिक्षक एक, प्रश्न एकच.

मराठी शुद्धलेखनात या प्रश्नाची गरज रोज पडते. ‘कवी’ दीर्घ का, असं विचारलं तर मुलं सांगतात, ‘सर, असंच लिहितात.’ मग ‘कविमन’ ऱ्हस्व का? ‘तेही असंच लिहितात.’ उत्तर बरोबर आहे, पण ते कानातून आलेलं आहे, नियमातून नाही. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली शासनाने मान्य केले, १९७२ मध्ये आणखी ४ आले. पुस्तिका एवढीशी आहे, पण ती उघडायचा कंटाळा असतो. पाठांतरावर चालणाऱ्या मुलाची अडचण अशी की त्याचं उत्तर चुकतं तेव्हाही तो त्याच आत्मविश्वासाने बोलतो. आवाजावरून काही कळत नाही.

हे सगळं सांगायचं कारण, गेल्या मे महिन्यात हाच प्रश्न मला अगदी अनोळखी मुलखात ऐकू आला. विषय होता इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डाचा, आणि उत्तर देणारं होतं एक यंत्र.

माझी भाची पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून पुण्यात एका छोट्या कारखान्यात बोर्डांचं डिझाइन करते. आमच्या खानदानात या कामात पडलेली ती पहिलीच, मुलगा धरा किंवा मुलगी. ती सुट्टीत कोकणात आली, ती लॅपटॉप घेऊनच. सुट्टीतही काम का, तर आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीच्या पाण्याच्या टाकीसाठी तिला पंपाचा कंट्रोलर करायचा होता. टाकी रिकामी झाली की पंप आपोआप सुरू व्हावा, भरली की बंद व्हावा.

बाजारात असे कंट्रोलर तयार मिळतात, मग हा खटाटोप कशाला? मिळतात, आणि आमच्याकडे होताही. दोन पावसाळ्यांपूर्वी एका पहाटे मुअज्जिनसाहेबांना वजूखान्याच्या नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या. त्यांनी हात मागे घेतला आणि मेन स्विच पाडला, म्हणून पुढचं टळलं. इलेक्ट्रिशियनने खोका उघडला, तेव्हा बोर्डावर दोन तांब्याच्या रेघांच्या मधोमध एक काळी, जळकी वाट दिसत होती. एका बाजूला २३० व्होल्ट, दुसऱ्या बाजूला टाकीच्या पाण्यात सोडलेल्या सेन्सरची तार. मधलं अंतर इतकं कमी की कोकणातला दमटपणा, खारा वारा आणि खोक्यात जमलेली धूळ यांनी मिळून पूल बांधला. ओली धूळ विजेला थोडी वाट देते, त्या थोड्या विजेने बोर्डाचा पृष्ठभाग जळतो, जळलेला कोळसा आणखी वाट देतो. हे एका दिवसात होत नाही. महिनोन्‌महिने चालतं, आणि कुणाला दिसत नाही.

वजूखान्यात माणूस कसा असतो, ते आठवून बघा. पाय अनवाणी, फरशी ओली, हात कोपरापर्यंत भिजलेले. विजेचा धक्का जीवघेणा व्हायला जे जे लागतं, ते सगळं तिथे हजर.

तो कंट्रोलर काढून टाकला, आणि तेव्हापासून पंप हाताने चालू-बंद होत होता. म्हणजे जुम्म्याच्या दिवशी टाकी कोरडी, आणि एरवी रात्रभर गच्चीवरून पाणी वाहतंय.

आता बोर्डाबद्दल थोडं. रेडिओ, मोबाइल, मिक्सर, कशातही उघडून बघा, एक हिरवी पट्टी दिसते आणि तिच्यावर तांब्याच्या बारीक रेघा. पूर्वी प्रत्येक जोडणी तारेने हाताने करत. व्हिएन्नात जन्मलेले पॉल आयस्लर हे ज्यू इंजिनिअर १९३६ साली लंडनला गेले आणि तिथे भाड्याच्या खोलीत राहून त्यांनी तारांऐवजी छापलेल्या तांब्याच्या रेघांवर चालणारा रेडिओ बनवला. ते मुळात छपाईच्या धंद्यातले जाणकार, म्हणून त्यांना सर्किटही छापता येईल असं सुचलं. भाषेच्या माणसाला यात जरा आनंद वाटतो. शेवटी हीसुद्धा एक प्रकारची किताबतच.

आणि किताबतीला नियम असतात. दोन रेघांमध्ये किमान किती जागा हवी, रेघ किमान किती जाड, भोक किती मिलिमीटरचं, भोकाभोवती तांब्याचं कडं किती, पट्टीच्या कडेपासून तांबं किती आत. यांना डिझाइनचे नियम म्हणतात. डिझाइन करायचं सॉफ्टवेअर हे नियम एका फाइलमध्ये ठेवतं आणि शेवटी सगळा बोर्ड त्यांच्याशी ताडून बघतं. या तपासणीला डीआरसी म्हणतात. चुकलं तिथे लाल खूण येते, अगदी माझ्या लाल पेनासारखी.

भाची वापरते ते सॉफ्टवेअर कीकॅड नावाचं. फुकट आणि खुलं. फ्रान्समधल्या ग्रेनोबलला तंत्रशिक्षण देणाऱ्या ज्याँ-पिएर शारा यांनी ते १९९२ साली सुरू केलं. पुढे २०१३ पासून जिनिव्हाजवळच्या सर्न या मोठ्या प्रयोगशाळेने त्याला हातभार लावला. एका शिक्षकाने सुरू केलेली गोष्ट जगभर पसरली, हे मी आमच्या स्टाफरूममध्ये दोनदा सांगून झालं आहे.

यंत्राचा भाग आता येतो. भाचीच्या लॅपटॉपवर एक एआय एजंट होता. एजंट हा शब्द आमच्या कोकणात तसा बदनाम. इथे एजंट म्हणजे आखाती देशांच्या व्हिसाचा एजंट. घरोघरी त्याच्या कहाण्या आहेत, कुणाचं भलं झालं, कुणाचा पासपोर्ट वर्षभर अडकला. ‘मामू, हा तसला नाही,’ ती म्हणाली. पण काम ऐकलं तर फरक थोडाच. तुमच्या वतीने जातो, चार दारं ठोठावतो, कागद आणतो, भरतो, आणि येऊन सांगतो की झालं. तेव्हा तुम्ही विचारायचं की पावती दाखव.

तिने आधी मला गंमत म्हणून एक प्रयोग दाखवला. एजंटला बोर्डाची फाइल न देता नुसतंच विचारलं, ‘माझ्या बोर्डावर दोन रेघांमध्ये किती अंतर पाहिजे?’ उत्तर झटकन आलं. मुद्देसूद, सफाईदार, आकडे असलेलं. आकडेही अगदी टाकाऊ नव्हते, असे बोर्ड जगात खूप असतात. पण ते तिच्या बोर्डाचे नव्हते. त्याने बोर्ड पाहिलाच नव्हता. ‘असंच लिहितात, सर.’

मग तिने त्याला एक साधन जोडून दिलं. हे समजायला मला आमच्या शाळेच्या ग्रंथालयाचा आधार घ्यावा लागला. आमच्याकडे मुलांना कपाटापर्यंत जायची परवानगी नाही. चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहायचं, ती खिडकीतून आत द्यायची, शिपाई पुस्तक आणून देतो. कुठली पुस्तकं मागता येतात, त्याची यादी खिडकीवर लावलेली आहे. एजंटाचं तसंच. साधनाकडे यादी असते: बोर्डाची माहिती द्या, जोडण्यांची नावं द्या, डिझाइनचे नियम द्या. प्रत्येक नावासमोर एका ओळीत लिहिलेलं असतं की हे मागितलं तर काय मिळेल आणि मागताना काय काय सांगावं लागेल. एजंट ती यादी वाचतो, ठरलेल्या नमुन्यात चिठ्ठी लिहितो, साधन फाइल उघडून उत्तर आणतं. चिठ्ठीचा हा नमुना सगळ्यांनी एकच ठेवावा म्हणून अँथ्रोपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये एक पद्धत जाहीर केली, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाची. लोक एमसीपी म्हणतात. कीकॅडसाठी अशी साधनं अनेकांनी लिहून इंटरनेटवर ठेवलेली आहेत. भाचीने त्यातलंच एक उतरवून घेतलं होतं.

तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी पडद्यावर आधी चिठ्ठी दिसली, मग फाइलमधून आलेले आकडे, मग एजंटाचं उत्तर: अंतर ०.२ मिलिमीटर, रेघ ०.२ मिलिमीटर, भोक ०.३ मिलिमीटर, कडेपासून तांबं ०.५ मिलिमीटर आत.

मला हे फार आवडलं. उत्तर आवडलं असं नाही, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आवडली ती चिठ्ठी. हवाला डोळ्यांसमोर होता. तो उघडून बघता येत होता, आणि आम्ही बघितलाही. भाचीने साधनाचं कच्चं उत्तर काढलं तर तिथे अंतर लिहिलं होतं २०००००. दोन लाख! कीकॅड बोर्डावरची मापं आतल्या आत नॅनोमीटरमध्ये धरतं, आणि या साधनाने ती तशीच उचलून दिली होती. मिलिमीटरचा दहा लाखावा हिस्सा म्हणजे नॅनोमीटर, म्हणून दोन लाखांचे झाले ०.२. एजंटाने ते बरोबर ओळखलं. समजा तो मायक्रोमीटर समजला असता, तर अंतर वीस सेंटिमीटर झालं असतं, आख्ख्या बोर्डापेक्षा मोठं. तशी चूक निदान लगेच दिसते. या धंद्यात ‘मिल’ नावाचंही एक माप आहे, इंचाचा हजारावा भाग. कारखान्यातली माणसं ‘आठ मिल’ म्हणतात आणि आपल्याला वाटतं आठ मिलिमीटर. प्रत्यक्षात ते ०.२ मिलिमीटरच्या आसपास. ही चूक दिसत नाही, आणि हिच्यात माणूस मरू शकतो.

०.२ मिलिमीटर म्हणजे किती? वहीचे दोन कागद एकावर एक ठेवा, तेवढं.

मी विचारलं, ‘अगं, त्या जुन्या बोर्डावर यापेक्षा जास्त अंतर होतं. तो जळला. आणि हा म्हणतोय दोन कागद पुरेत?’

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘मामू, तो खोटं बोलत नाही. फाइलमध्ये तेवढंच लिहिलंय.’

इथे मला या साधनाची खरी किंमत आणि खरी मर्यादा एकदमच कळली. फाइलमध्ये ०.२ होतं, कारण नवीन प्रोजेक्ट सुरू केला की कीकॅड स्वतःहून हाच आकडा भरून ठेवतं, आणि भाचीने तोपर्यंत दुसरं काही लिहिलेलं नव्हतं. पाच-बारा व्होल्टच्या रेघांना तो ठीक आहे. बोर्ड छापणाऱ्या कारखान्यालाही ठीक आहे, त्यांची यंत्रं यापेक्षा बारीक काम करतात. पण कारखान्याचा नियम म्हणजे ‘एवढं आम्ही छापू शकतो’. त्यात ‘एवढ्याने माणूस वाचेल’ असा अर्थ नसतो. हे दोन्ही नियम एकाच रकान्यात, एकाच मापात लिहिले जातात, म्हणून सारखे दिसतात. बोर्डाने डीआरसी पास केली, याचा अर्थ लिहिलेले नियम पाळले. न लिहिलेल्या नियमाला लाल खूण कोण करणार?

तिने एजंटला विचारलं, ‘जोडण्यांचे गट कोणते आहेत?’ उत्तर आलं, एकच गट. २३० व्होल्टची तार आणि टाकीत जाणारी तार एकाच गटात, एकाच नियमाखाली.

मग त्या दोन दिवसांत ती जे शिकली, ते मीही थोडं शिकलो. विजेचं अंतर दोन प्रकारचं असतं. एक हवेतून सरळ, त्याला क्लिअरन्स म्हणतात. दुसरं पृष्ठभागावरून, त्याला क्रीपेज. मी तिला म्हटलं, म्हणजे एक चिमणीचं अंतर आणि एक मुंगीचं. चिमणी कौलावरून कौलावर उडत जाते, मुंगीला भिंत उतरून पुन्हा चढावं लागतं. जुना बोर्ड जळला तो मुंगीच्या वाटेने. म्हणून असे बोर्ड करताना मध्ये आरपार खाच कापतात. चिमणीला तिचा फारसा फरक पडत नाही, मुंगीला मात्र वळसा पडतो.

किती अंतर हवं, याचा आंतरराष्ट्रीय तक्ता आहे. आयईसी ६०६६४ हे मानक. त्यात हवा आणि धूळ यांवरून जागेच्या श्रेणी केल्या आहेत. बंद, कोरड्या घरातली वस्तू दुसऱ्या श्रेणीत येते. जिथे धूळ ओली होऊन वीज वाहू लागते, ती जागा तिसऱ्या श्रेणीत. २५० व्होल्टपर्यंत, बोर्डाच्या नेहमीच्या साहित्यावर, मुंगीचं अंतर दुसऱ्या श्रेणीत २.५ मिलिमीटर, तिसऱ्या श्रेणीत ४. हे साध्या संरक्षणाचं झालं. जिथे पलीकडे माणसाचा हात लागणार आहे, तिथे दुप्पट. म्हणजे ५ किंवा ८.

‘आपली मशीद कुठल्या श्रेणीत धरू?’ तिने विचारलं. खिडकीतून खाडी दिसत होती. आठ, मी म्हटलं. तिनेही तेच लिहिलं होतं.

तिने २३० व्होल्टच्या तारांचा वेगळा गट केला आणि एक खास नियम लिहिला: या गटापासून बाकी सगळ्यांचं पृष्ठभागावरचं अंतर किमान ८ मिलिमीटर. कीकॅडच्या २०२५ साली आलेल्या ९व्या आवृत्तीत मुंगीच्या अंतराचा नियम थेट लिहिता येतो. हे खास नियम साध्या मजकुराच्या वेगळ्या फाइलमध्ये राहतात, आणि नंतरची ओळ आधीच्या ओळीवर भारी पडते. आधी सर्वसाधारण नियम, मग अपवाद. ‘कवी’ दीर्घ, पण समासात पहिलं पद आलं की ‘कविमन’. व्याकरणवाल्यांना हे नवीन नाही.

नियम लिहून झाल्यावर तिने एजंटला पुन्हा विचारलं, ‘आता सगळे नियम सांग.’ त्याने सांगितले. तेच. ०.२, ०.२, ०.३, ०.५. आठचा पत्ता नाही.

मला वाटलं, फाइल सेव्ह करायची राहिली असेल. तसं नव्हतं. भाचीने त्या साधनाचा कोड उघडला. कोड खुला असल्याचा हाच फायदा. साधन प्रोजेक्टची मुख्य फाइल तेवढी वाचत होतं, खास नियमांची फाइल उघडतच नव्हतं. पण खिडकीवरच्या यादीत त्याच्यासमोर लिहिलेलं होतं, ‘बोर्डाचे सर्व डिझाइन नियम देतं.’ एजंटाने त्या ‘सर्व’वर विश्वास ठेवला आणि तसंच आम्हाला सांगितलं. शिपायाने दोन खंडांच्या पुस्तकाचा पहिलाच खंड आणून दिला, आणि मुलगा म्हणाला, पुस्तक एवढंच आहे.

मला ही गोष्ट त्या पहिल्या अंदाजी उत्तरापेक्षा जास्त धोक्याची वाटते. अंदाजाने बोलणाऱ्यावर आपण निदान संशय घेतो. हवाला देणाऱ्यावर घेत नाही. वर्गात एखादा मुलगा नियम क्रमांक सांगून उत्तर देतो, तेव्हा अर्धे शिक्षक पुस्तिका उघडतच नाहीत. अर्धवट हवाला खोट्या हवाल्यापेक्षा लवकर खपतो.

भाचीने कोडमध्ये चार-पाच ओळी घालून दुसरी फाइलही वाचायची सोय केली. आता एजंट आठचा नियमही सांगू लागला, कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीत आहे तेही. तिने डीआरसी चालवली आणि बोर्ड लाल झाला.

सगळ्या लाल खुणा एका भागाभोवती होत्या. रिले. बाजारात कुठल्याही दुकानात मिळणारा तो निळा चौकोनी ठोकळा. रिले म्हणजे छोट्या विजेने मोठी वीज चालू-बंद करायचं बटण. त्याच्या पोटात गुंडाळी असते, तिला छोटी वीज द्यायची, आणि बाजूला मोठ्या विजेची टोकं. या निळ्या रिलेची रचना अशी की मोठ्या विजेचं एक टोक गुंडाळीच्या दोन टोकांच्या अगदी मध्ये येतं. त्यामुळे रेघा कितीही सरकवल्या तरी ८ मिलिमीटर बसतच नाहीत. अडचण रेघांची नव्हती, वस्तू निवडण्यातच होती.

तिने एजंटला सांगितलं, ‘या चुका दूर कर.’

त्याने दोन-तीन ठिकाणी रेघा सरकवल्या, काही खुणा गेल्या. मग त्याने लिहिलं की उरलेल्या चुका या भागाच्या रचनेमुळे आहेत, आणि हवं तर नियमातलं अंतर ८ ऐवजी ४ मिलिमीटर करता येईल, म्हणजे डीआरसी पास होईल. साधनाच्या यादीत नियम वाचायची चिठ्ठी होती, तशी नियम बदलायचीही होती. फक्त ‘हो’ म्हणायचं होतं.

खरं सांगायचं तर त्याने विचारलं, हे त्याचं चांगलंच म्हणावं लागेल. न विचारताही करता आलं असतं. त्याच्या दृष्टीने काम होतं लाल खुणा घालवायचं, आणि लाल खुणा घालवायचा सर्वांत सोपा मार्ग त्याने सांगितला. कॉपी तपासताना उत्तीर्णांची संख्या वाढवायची असेल तर उत्तीर्ण होण्याचे गुण कमी करावेत, तसं. हा मार्ग माणसांनाही ठाऊक आहे, त्यासाठी एआय लागत नाही.

भाचीने ‘नाही’ लिहिलं. मग साधनाच्या यादीतून नियम बदलायची सोयच काढून टाकली. एजंटाने नियम वाचावेत, दाखवावेत, त्यांच्याशी बोर्ड ताडून बघावा, रेघाही सरकवाव्यात. नियमाच्या फाइलवर लेखणी मात्र तिचीच. मला ही वाटणी फार पटली. आपल्याकडे परीक्षेला बसणारा आणि पेपर काढणारा एक नसतो, त्यामागे काही कारण आहे.

तिने रिले बदलला. गुंडाळीची टोकं एका कडेला आणि मोठ्या विजेची टोकं दुसऱ्या कडेला, मध्ये भरपूर जागा, असा लांबट प्रकार येतो. महाग असतो आणि आमच्या तालुक्यात मिळत नाही, पुण्याहून मागवावा लागला. बोर्ड थोडा मोठा झाला, मध्ये खाच आली. मोठा पंप थेट या रिलेवर नको म्हणून तिने रिलेला कॉन्टॅक्टर जोडला, आणि मेन बोर्डवर विजेची गळती होताच लाइन तोडणारा आरसीसीबी बसवायला लावला. इलेक्ट्रिशियन म्हणाला, आठचं अंतर आहे तर मग हे कशाला? ती म्हणाली, ‘चाचा, दोन्ही पाहिजेत.’

मशिदीच्या कमिटीत खर्चावरून थोडी कुरकुर झाली. तयार कंट्रोलर निम्म्या पैशांत येतो, हे खजिनदारांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मुअज्जिनसाहेब तिथेच बसले होते. ते काही बोलले नाहीत. नुसता उजवा हात वर करून त्यांनी बोटं हलवून दाखवली. कागद मंजूर झाला.

माझ्या वाट्याला शेवटी माझ्या लायकीचं काम आलं. खोक्याच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवायचा होता, उर्दू आणि मराठी दोन्ही लिपींत. पुढे कधी दुसऱ्या कुणी हा बोर्ड दुरुस्त केला, रिले बदलला, तर त्याला कळायला हवं की हे अंतर का ठेवलं आहे आणि कुठला नियम कुठून घेतला आहे. क्लिअरन्सला ‘हवेतलं अंतर’ लिहिलं, उर्दूत ‘हवाई फासला’. क्रीपेजपाशी मी अडलो. ‘पृष्ठीय अंतर’ बरोबर होतं, पण आमच्या इलेक्ट्रिशियनला त्याचा उपयोग शून्य. भाची म्हणाली, ‘मामू, तुम्ही मला सांगितलंत तेच लिहा ना.’

म्हणून आमच्या मशिदीच्या पंपाच्या खोक्यात मराठीत लिहिलेलं आहे: मुंगीचं अंतर ८ मिमी, आयईसी ६०६६४, श्रेणी ३. उर्दूत, च्यूंटी का फासला. खाली तारीख आहे, आणि फाइलचं नाव.